बारा हजारांची केबल आणि मोटारीची वायर

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून राग बंद. कायमचा.
काल जालिंदरच्या डीजेच्या टेम्पोच्या आरशावर हात मारला. आरसा गेला. चूक आरशाची होती, पण असो. जालिंदर म्हणाला, कॉलेज पण असंच सोडलंस, सरांच्या टेबलावर फाईल आपटून. त्याला सांगितलं, सोडलेलं नाही. थांबवलंय. इलेक्ट्रिकल डिप्लोमा, सेकंड इयरपर्यंतचं संपूर्ण ज्ञान आहे माझ्याकडे. फर्स्ट इयरचे दोन विषय राहिलेत, ती फॉर्मॅलिटी.
दुसरा निश्चय: लग्न निकिताशीच. तिला अजून विचारलेलं नाही. पण तिला माहीत असणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार
निकिताच्या घरी गेलो. निमित्त तिच्या वडिलांचं. आप्पासाहेब म्हणजे तीस वर्षं आख्ख्या कोल्हारचे लाऊडस्पीकरवाले. लग्न असो, जत्रा असो, कर्णे यांचेच. आता धंदा बंद केला आणि पुढच्या खोलीत स्वतःसाठी सिस्टीम मांडली. माणसाएवढे स्पीकर. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा स्पीकरवर तळहात ठेवून सनई ऐकतात. आवाज इतका, की बशीतला कप वाजत होता. शौक असावा तर असा.
पण माणूस गर्विष्ठ. मी विचारलं, ऊस गेला का? म्हणाले, काय? पुन्हा विचारलं. पुन्हा काय? कॉलेज सोडलेल्याशी असंच वागतात लोक. उठणारच होतो, तेवढ्यात निकिता त्यांच्या समोर जाऊन म्हणाली, रवी विचारतोय, ऊस गेला का?
माझं वाक्य. शब्दाला शब्द. मी काहीही बोललो की ती ते पुन्हा म्हणते. हे प्रेम नाही तर काय?

५ फेब्रुवारी, गुरुवार
डोकं फिरलंय. (राग नाही. फक्त फिरलंय.)
नगरचा ओम आला होता. ऑडिओवाला. कारने येतो, सेंट मारतो. आप्पासाहेब त्याला म्हणाले, सनई लई लांब गेल्यावानी वाटती, ही केबल हलकी हाय. ओमने लगेच पिशवीतून दुसरी काढली. बारा हजार! दोन वायरींचे! वर्षातली ही चौथी. शिवाय केबल फरशीला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे लाकडी ठोकळे, त्याचे वेगळे पैसे. केबलवर बाण छापलेत. म्हणे आवाज बाणाच्या दिशेने जातो. आणि म्हणे पहिला महिना केबल मुरू द्यावी लागते. लोणचं आहे का? मी म्हणालो, ओमशेठ, स्पीकरच्या वायरीत करंट पुढे पण जातो आणि मागे पण, बाणाला विचारत नाही. ओम हसला. म्हणाला, भाऊ, त्याला कान लागतात.
आप्पासाहेब एकदम उठले आणि पैसे आणायला आत गेले.
निकिताने ओमला चहाबरोबर बिस्किटं दिली. मला नुसता चहा. घरच्या माणसाला कोण बिस्किटं देतं?

८ फेब्रुवारी, रविवार
प्लॅन तयार. चाचणी घ्यायची. मध्ये पडदा, पडद्यामागे मी. एकदा बारा हजारांची केबल, एकदा आमच्या विहिरीवरच्या मोटारीची उरलेली वायर. कुठली कधी लावली ते सांगणार नाही. ओळखून दाखवा! ओम उघडा पडणार, आप्पासाहेबांचे पैसे वाचणार, ते मला जवळ घेणार. पुढचं आपोआप.
पडद्यासाठी आईकडे ताईच्या लग्नातला अंतरपाट मागितला. आईने ट्रंक उघडली, डोळ्यांना पदर लावला, म्हणाली, कोण हाय रे पोरगी? म्हणालो, पोरगी नाही, केबल. आईने ट्रंक आपटून बंद केली. अंतरपाट बाहेर राहिला एवढं बरं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आप्पासाहेबांना आणि ओमला व्हॉट्सॲपवर आव्हान दिलं, पंधराला चाचणी. आप्पासाहेबांचं लगेच उत्तर: या. तीस वर्षे कान तयार केलेत. बघा, मेसेजला एका मिनिटात उत्तर, आणि तोंडावर मात्र दोनदा काय!
संध्याकाळी निकिताने मला पतसंस्थेबाहेर गाठलं. ती तिथे कॅशियर आहे. म्हणाली, रवी, हे करू नको. तुला वाटतं तसं नाही. वीस तारखेपर्यंत तरी थांब, मग सगळं सांगते. वीस तारखेला काय, ते सांगितलं नाही. मला कळलं. ओमची फजिती होईल म्हणून मन द्रवतंय. मऊ आहे ती. म्हणालो, घाबरू नको, मी आहे ना.
ती म्हणाली, तेच तर.

१४ फेब्रुवारी, शनिवार
गुलाब घेतला. दिला नाही. उद्या विजयानंतर देणार. पाण्यात ठेवलाय. आई म्हणते, माझ्या तांब्यात काय घातलंस?

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
अंतरपाटाचं एक टोक जालिंदरने धरलं, दुसरं शेजारच्या सूर्यभानतात्यांनी. तात्या म्हणाले, मंगलाष्टका म्हनू का? सगळे हसले. नियम मी केलेले. आवाज बारीक. ऐकणाऱ्याने भिंतीला बसायचं, स्पीकरला हात लावायचा नाही. निकिता वडिलांच्या समोर बसायला गेली. मी म्हणालो, खाणाखुणा चालणार नाहीत, तू आत जा. गेली. जाताना माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शाब्बास म्हणतेय.
आधी ओम. दोन्ही ऐकल्या आणि म्हणाला, दुसरी. आवाज कसा खुलतो बघा! दुसरी मोटारीची वायर होती. मी ओरडलोच. तात्या म्हणाले, आता विहिरीतनं पन सनई काढा. ओमचं तोंड लाल. आयुष्यात एवढा आनंद मला झालेला नाही.
मग आप्पासाहेब. भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले. मी आधी मोटारीची वायर ऐकवली, मग ती काढून बारा हजारांची लावली, सनई सुरू केली. आवाज नाही. आनंदाच्या घाईत वायर नीट बसलीच नव्हती. वाकून बघतोय, तोच अंतरपाटापलीकडून आप्पासाहेब म्हणाले, वा!
मग म्हणाले, हीच. ही भारी केबल. आता कशी सनई जवळ आली.
वायर अजून माझ्या हातातच होती.
जालिंदर आधी हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मग मी. सगळ्यात जास्त वेळ मीच हसलो. जालिंदरच्या हातून अंतरपाट सुटला. समोर आप्पासाहेब. डोळे मिटलेले, मांडीवर ताल धरलेला. दारात निकिता, हातात साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा.
त्यांनी डोळे उघडले. आमची तोंडं पाहिली. मग सुटलेली वायर. लाऊडस्पीकरवाल्याला वायर कळते. निकिताला विचारलं, कवापासून बंद हुतं?
ती त्यांच्या समोर जाऊन बसली. म्हणाली, आत्ताच आप्पा. आत्ताच बंद पडलं.
ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. ओमने खाली बसून वायर जोडली. सनई वाजायला लागली. निकिताने जाऊन बंद केली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
निकिता भेटली. मीच थांबवलं. रडत नव्हती, ते जास्त वाईट.
म्हणाली, केबल फुकट आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीस वर्षं कर्ण्यांखाली उभं राहून त्यांचे कान गेलेत. पण केबलला दोष दिला की त्यांना दोन घास जात होते. वर्षभर समजावलं, तेव्हा नगरच्या डॉक्टरकडे जायला तयार झाले. वीस तारीख मिळालीय. अट एकच होती, गावात कळता कामा नये. आता म्हणतात, समद्यांनी बघितलं, आता कशाला जायचं?
मी म्हणालो, पण केबलबद्दल मी बरोबर होतो.
म्हणाली, हो रवी. तू बरोबर होतास.
आणि गेली.

१८ फेब्रुवारी, बुधवार
माफी मागायला गेलो. आप्पासाहेब ओट्यावर, खोलीला कुलूप. म्हणालो, काका, चुकलं माझं. म्हणाले, काय? मोठ्याने म्हणालो. काय? ओरडून म्हणालो. गल्लीतली माणसं बाहेर आली, ते त्यांना दिसलं. मान खाली घालून म्हणाले, काय?
निकिता दारातच होती. मी तिच्याकडे पाहिलं. थांबलो.
ती माझं वाक्य म्हणाली नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
काल वीस तारीख. निकिता दिवसभर पतसंस्थेत होती. म्हणजे नगरला गेले नाहीत.
आज आप्पासाहेबांनी आईजवळ ती केबल दिली. बाण, ठोकळे, सगळं. म्हणाले, रव्याला द्या, आमाला आता नको.
माझ्या स्पीकरला लावून पाहिली. मग मोटारीची लावली. मग पुन्हा ही. काही फरक नाही. तसूभरही नाही.
मी बरोबर होतो.
एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणणारं कुणी नव्हतं.