कुंकू लावलेली नोटीस

वैशाखरे, ता. मुरबाड
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय महेंद्र,

जयभीम. मनालीला आणि छोट्या मुलीला आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

लावणी निम्म्यावर आली. ओढ्याकडचं खाचर तेवढं राहिलं आहे. गुरुवारी पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. यंदा वाचायला मला बसवलं आहे. तुझी वहिनी बरी आहे, तिचा गुडघा तेवढा कुरकुरतो. आईच्या खोलीतलं छप्पर शाकारून घेतलं. पत्र्याची पेटी तिथून काढून ओटीवर आणली आहे.

तुला फोन केले. नवा नंबर वाजत राहतो, जुना बंद आहे. म्हणून पत्र. फोनवर मला हे बोलताही आलं नसतं.

ठाकरवाडीचा कमळू तुला आठवतच असेल. जूनमध्ये तो लाल फडक्यात गुंडाळलेला एक कागद घेऊन आला. सोबत त्याची बहीण बारकी होती. दोघांनी धुतलेले कपडे घातले होते. म्हणाला, "दादा, पट्टा आला. वाचून दाव." त्यांच्या बापापासून ते जंगलातल्या जमिनीच्या पट्ट्याची वाट बघतात, हे तुला माहीत आहे. शिक्क्याचा कागद टपालाने आला, तेव्हा वाडीला दुसरं काही सुचलंच नाही. कागद देवाजवळ ठेवला, कुंकू लावलं, नारळ फोडला. लगेच उघडू नये, चांगला दिवस बघून केरूदादाकडून, म्हणजे माझ्याकडून, वाचून घ्यावा, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. तो दिवस येईपर्यंत महिना उलटला.

मी वाचत होतो आणि कमळू माझ्या तोंडाकडे बघून हसत होता. "किती गुंठं लिवलंय?"

ती जीएसटीची नोटीस होती. कमळूच्या नावावर भंगार लोखंडाचा व्यापार आहे, मोठी मोठी बिलं फाडली आहेत, कर भरलेला नाही, तो दंडासह का वसूल करू नये याचं उत्तर द्या, असं लिहिलं होतं. उत्तराची मुदत देवाजवळच संपली होती.

त्या दिवशी मला सांगवलं नाही. चष्मा धड नाही, उद्या वाचतो म्हणालो. बारकीने माझ्यासाठी आणलेली करवंदं ठेवली आणि दोघं गेली. दुसऱ्या दिवशी मीच वाडीवर जाऊन सांगितलं. कमळू म्हणाला, "भंगार इकतो व्हय मी? घरात धड तवा नाय." बारकी हसली. तो हसला नाही. रोजगार हमीचे पैसे बँक का देत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. खातं गोठवलेलं होतं.

मुरबाडला एसटी स्टँडमागे मेघाताई म्हणून एक वकील दर मंगळवारी बसतात. अशा नोटिसा आलेल्या लोकांना समजावून सांगतात, पैसे घेत नाहीत. त्यांनी कागदावरचं कुंकू पाहिलं, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. कमळूला समोर बसवून त्याच्याशीच बोलल्या, माझ्याशी नाही. म्हणाल्या, नोटीस म्हणजे निकाल नव्हे, तो प्रश्न आहे, आणि उत्तर द्यायचा तुमचा हक्क आहे. उशीर का झाला ते खरं लिहू. कोणत्या कागदांवरून हे ठरवलं, त्याच्या नकला मागू. समोर बोलावून तुमचं ऐकून घ्या, असंही मागू. विरुद्ध निकाल लागला तरी वर अपील आहे. तोवर कुणाला पैसे द्यायचे नाहीत आणि कोऱ्या कागदावर अंगठा करायचा नाही.

कमळूने एकच विचारलं, "जमीन जाईल का?" वसुलीची पाळी आली तर जे नावावर असेल त्यावर हात पडू शकतो, असं त्या म्हणाल्या. आणि यापुढे पट्टा मिळाला तर, असं मी विचारलं. त्यांनी नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

नकला घ्यायला आम्ही कल्याणला आलो होतो. तुझ्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. तुझ्याकडे आलो नाही, याचं मनालीला वाईट वाटेल. तिला काय सांगायचं ते तू ठरव.

जीएसटी कचेरीतल्या अधिकारी बाई नीट बोलल्या. त्यांनी एकेक कागद दाखवला. कमळूचं आधार, पॅन, फोटो. धंद्याची जागा म्हणून आपल्या घराचं वीजबिल, आईच्या नावाचं. जागा वापरायला हरकत नाही असं आईचं संमतिपत्र, खाली आईची वळणदार सही. आई आयुष्यभर अंगठा लावत आली. आणि त्या तारखेला तिला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं.

मग त्यांनी कमळूला त्याचा म्हणून नोंदवलेला मोबाइल नंबर वाचून दाखवला. हा तुमचा का, असं विचारलं. तो नाय म्हणाला. पहिले चार आकडे ऐकताच पुढचे माझ्या मनात आपोआप येत गेले. आईला सापडावा म्हणून तू चुलीशेजारच्या भिंतीवर निळ्या खडूने मोठा लिहिला होतास. मी ती भिंत अजून सारवू दिलेली नाही.

बाबांच्या काळापासून वाडीतली माणसं दिवाळीनंतर शहापूरकडे वीटभट्टीला जाताना आपले कागद आपल्या पेटीत ठेवून जातात. रिकाम्या झोपडीत उंदीर आणि वाळवी. बाबांनी त्या पेटीला कधी कुलूप लावलं नाही. कुलूप तू आणलंस, दोन किल्ल्यांचं. मागच्याच्या मागच्या दिवाळीला वाडी भट्टीवर निघायच्या आधी तू सुटीवर आलास. सगळ्यांचे कागद प्लास्टिकमध्ये घालून देतो म्हणून दुपारभर पेटीपाशी बसलास. भट्टीकामगारांची योजना आहे म्हणून फोटो काढलेस, अंगठे घेतलेस. किती कौतुक झालं होतं तुझं. कमळू अजून विचारतो, "महेंद्रभाऊच्या योजनेचं काय झालं?"

मी त्याला काहीच सांगितलेलं नाही. पण कल्याणहून परतताना जीपमध्ये तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, कागद तुमच्या घरी व्हते, ह्ये मी सांगनार नाय. भट्टीवर हरवले म्हनीन." म्हणजे त्याला कळलं आहे. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो असता तर बरं झालं असतं.

परवा एक पांढरी गाडी वाडीच्या पायवाटेपर्यंत आली. दोघे जण उतरले. कमळूला म्हणाले, इथे अंगठा कर, सगळं मिटवतो. त्याने केला नाही. मग त्यांनी बारकीची चौकशी केली, सुदामची, मंगळूची. नावं त्यांना तोंडपाठ होती, पेटीत कागद ज्या क्रमाने ठेवले आहेत त्याच क्रमाने. जाताना विचारलं, महेंद्रचं घर कोणतं? बारकीने माहीत नाय म्हणून सांगितलं. ती खोटं बोलली. तुला वाचवायला बोलली.

मेघाताई म्हणतात, गरिबांच्या कागदांवर असा खोटा धंदा उघडणारे स्वतः कुठेच दिसत नाहीत. कागद ज्याने दिले त्याला पुढे ढकलून निघून जातात. मी त्यांना तुझं नाव सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. काल पोस्टमन वाडीचा रस्ता विचारून गेला. त्याच्या हातात तसलेच दोन लिफाफे होते.

शुक्रवारी कमळूची सुनावणी आहे. मी त्याच्याबरोबर जाणार आहे. कागद माझ्या घरात होते, हे मीच लिहून देणार. त्याला खोटं बोलू देणार नाही. पुढचा प्रश्न काय येईल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याचंही उत्तर मी खरंच देईन. रोज सकाळी वंदना घेताना दुसऱ्या शीलापाशी, न दिलेलं घेणार नाही म्हणताना, माझा आवाज बसतो. वहिनीला वाटतं सर्दी आहे.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत ये. मी तुला बोलणार नाही. जेवू, आईच्या खोलीत झोपू, सकाळी तिघं मिळून जाऊ. तुझ्या तोंडून आधी आलं तर तुझ्यासाठीही काही वाट राहील, असं मेघाताईंच्या बोलण्यावरून वाटतं. त्या गाडीतल्या माणसांच्या आधी ये.

कुलूप मी काढून ठेवलं आहे. वाडीचे कागद परत करायला गेलो, पण कुणीच घेतले नाहीत. म्हणाले, तुमच्याकडेच राहू द्या दादा, तिथेच बरे.

तुझी किल्ली घेऊन ये.

ज्याच्या घरी लोक अजून कागद ठेवतात तो,
तुझा दादा
केरू