कणा छान जुळलाय

ताई,

आधी नमस्कार, मग बातमी. मला पाचवा महिना संपत आलाय. इतके दिवस तुझ्यापासून लपवलं, रागावू नकोस. काल सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "हा पाठीचा कणा. छान जुळलाय." मी तीनदा विचारलं, चौथ्यांदा ह्यांनी.

तुझ्या बाळाची पाठ उघडी राहिली होती, हे मी डॉक्टरीणबाईंना लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग दिवस राहायची वाट बघू नका, फॉलिक ॲसिड आधीच सुरू करा." कणा पहिल्या महिन्यातच जुळतो, बाईला कळायच्याही आधी. आणि सख्ख्या बहिणीच्या बाळाला असं झालं होतं, म्हणून मला मोठ्या डोसची गोळी दिली. कामावर आमच्या लॉन्ड्रीतल्या मुकादमबाईंनी विचारलं, "कसली गोळी?" मी म्हटलं, "शहाणपणाची." त्या म्हणाल्या, "मग दोन घे."

तुझं काही चुकलं होतं का, हेही मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "अजिबात नाही. गोळी घेऊनही कधीकधी असं होतं. आणि तुमच्या ताईंना गोळीचं कुणी सांगितलंच नव्हतं." हे तुझ्या सासूबाईंना वाचून दाखव.

पाय जरा सुजतात, पण आता लॉन्ड्रीत बसून कपड्यांच्या घड्या घालायचं काम मिळालंय. दाजींचा खोकला थांबला का?

तू 'पुन्हा मूल नको' म्हणाली होतीस. कधी मन झालंच, तर आधी डॉक्टरांकडे जा आणि त्यांना सगळं सांग. नाही झालं, तरी माझ्या बाळंतपणाला ये. कणा जुळला तरी भीती वाटतेच गं, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझी,
अजून तितकीच हट्टी धाकटी