व्हॉल्व प्लेटच्या शोधात

६ मे
रंग फवारायचा कॉम्प्रेसर बंद पडला. पहिल्या व्हॅनवर प्रायमर मारणं सुरू होतं, आतून खाडकन आवाज आला आन् हवा बंद. संतरामनं हेड उघडलं. आतली व्हॉल्व प्लेट चिरली आहे, तिच्यावरच्या पातळ पत्त्या तुटून सिलिंडरमधी पडल्या. म्हणे, "दीदी, ये तो जुन्ना माडल हे. एखर सामान अब कहां मिलही?"
संतराम यांच्याजवळचा सगळ्यात जुना पेंटर. त्याले माहीत नाही तर मले काय माहीत असणार. यांले लकवा मारला तोपर्यंत मी टाटीबंधच्या या गॅरेजमधी फक्त दसऱ्याच्या पूजेले येत होती.
शाळेच्या चार व्हॅन उभ्या आहेत. चारींचा जुना रंग घासून काढलेला. नुसता पत्रा. परत तरी कोणत्या तोंडानं देऊ?

८ मे
दिवसभर मशिनरीच्या दुकानांत फिरली. सगळ्यांचं एकच, ती कंपनीच बंद झाली. तुटकी प्लेट रुमालात बांधून दाखवत फिरते, लोक हातात घेऊन परत देतात.
नवा कॉम्प्रेसर घ्यायचा म्हणून बँकेत गेली. खातं यांच्या नावानं, सही यांचीच पाहिजे. यांचा उजवा हात तर…
घरी येऊन यांले विचारलं, अहो, जास्तीची प्लेट ठेवली होती काय कुठं? "हव." घरी? "हव." गॅरेजमधी? "हव." मी खोटंच विचारलं, गोल बाजारात? "हव." आजारपणानंतर हो म्हणायचा एवढाच एक शब्द उरला. तरीबी अख्खा माळा उपसला. काही नाही. न्हाणीत नळ सोडून रडली.

११ मे
मृणाल आली शंकर नगरहून. आम्ही मायलेकी अशाच बोलतो, मी मराठीत, ती हिंदीत.
"आई, गैरेज बेच दो ना. बाबा को लेकर हमारे यहाँ आ जाओ."
एक गिऱ्हाईकही पाहून ठेवलं तिनं. पोट्टी वाईट नाही सांगत. बाबांचा व्यायाम रोज तीच करून घेते, ऑफिसआधी. जावईही चांगले. म्हणूनच तर नाही म्हणवत नाही. पाहू म्हटलं.

१३ मे
भनपुरीच्या खरादवाल्यानं, लेथवर, तुटकी पाहून नवी प्लेट बनवून दिली. बसवली. चालला! संतरामनं मशीनले हात जोडले. मी चहा मागवला. चहा यायच्या आत पत्ती तुटली. पोलाद बरोबर नव्हतं म्हणे.
भाड्यानं लहान कॉम्प्रेसर आणला. त्याचा दाब पुरत नाही, रंगात दाणे येऊन राहिले. पुन्हा सगळं घासा.

१५ मे
शाळेच्या मॅनेजरचा फोन. "मैडम, नहीं हो रहा तो बोलिए, गाड़ियाँ उठवा लेते हैं।" हातापाया पडायचंच बाकी ठेवलं.
संतरामले दुसऱ्या गॅरेजवाल्यानं बोलावलं. त्यानंच सांगितलं, जमिनीकडे पाहून. जातो म्हणाला नाही, राहतो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. काय सांगितलं असतं तर पेललं असतं, कोणास ठाऊक.
जेवण गेलं नाही.

१८ मे
हात भाजले आहेत, तरी लिहिते.
सकाळी एका दुकानदाराचा फोन. तिल्द्याच्या एका राइस मिलमधी अशीच मशीन धूळ खात पडली आहे म्हणे. संतरामले घेऊन बसनं गेली. मिलचे शेठ भले माणूस, पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आन् म्हणाले, "अरे बहनजी, वो तो आज सुबह ही कबाड़ी ले गया।"
त्या भंगारवाल्याचं आवार कुठं ते विचारलं आन् उठून पळत सुटली. या वयात, भर उन्हात, पदर कुठं, चप्पल कुठं. कबाडीच्या आवारात पोहोचली तर त्याचा माणूस मशीनवर घण घालून राहिला होता. "थांब! थांब रे!" मी मराठीतच ओरडली. तो थांबला. भाषा नसंन समजली, तोंड पाहून थांबला असंन.
हेडचे दोन तुकडे झालेले. संतराम लोखंडाच्या ढिगात बसला, मीही बसली. तापलेलं लोखंड, हात लावला की चटका. एकेक तुकडा बाजूले करत गेलो. खाली सापडली. ग्रीसनं माखलेली, पत्त्यांसकट साबूत. पदरानं पुसत बसली, पुसतच बसली. संतराम म्हणे, "चलव दीदी, बस छूट जाही."

१९ मे
बसवली. दाबाचा काटा चढला आन् तिथंच थांबला. एक व्हॅन पिवळी झाली. एक दाणा नाही!
संतराम इथंच राहणार. उद्या लवकर येतो म्हणाला.

२१ मे
यांले गॅरेजमधी घेऊन गेली. मृणाल नको म्हणत होती, तरी. वाटलं, मशीन चालताना पाहतील, बरं वाटंन.
यांनी मशीनकडे पाहिलं. व्हॅनकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं आन् लहान लेकरावानी मोठ्यानं रडायले लागले. डाव्या हातानं खुर्ची बडवत होते. संतराम धावला, मशीन बंद केली. लग्नानंतर यांले असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आपण नसतानाही गॅरेज चालते, हे पाहायले मी त्यांले नेलं होतं. हे माझ्या ध्यानात काहून नाही आलं?
परतताना मृणाल हळूच म्हणाली, "ये सब किसके लिए कर रही हो आई? बाबा के लिए तो नहीं है।"
मी यांचं तोंड पदरानं पुसलं.

२२ मे
गेली नाही. पडून होती.
यांच्यासाठी नाही. मंग कोणासाठी?
संतराम विचारतो, "दीदी, अउ एक हाथ मारंव?" मी रंगाकडे पाहते आन् सांगते, मार. किंवा सांगते, वाळू दे. इतकी वर्षं संसार केला. कोणी असं विचारून माझ्या उत्तरासाठी थांबलं नव्हतं.
हे मृणालले कसं सांगू? यांले तर अजिबातच नाही.

२५ मे
नवतपा लागला, उन्हाचे कडक नऊ दिवस. पत्र्याच्या शेडखाली भट्टी झाली आहे. तीन व्हॅन गेल्या. चौथी आज.
दुपारपासून मशीनचा आवाज बदलला. डब्यात खडे हलवावे तसा. संतराम माझ्याकडे पाहून, "दीदी, बंद करंव का?"
व्हॅन अर्धी पिवळी आहे. आता थांबलो तर जोड दिसंन, पुन्हा सगळं खरवडा. नाही थांबलो आन् ही प्लेट गेली तर दुसरी कुठून आणू? बंद नको करू, म्हटलं. रंग पुरा होऊ दे.
आत्ता फाटकाशी मृणालची गाडी थांबली. सोबत ते गिऱ्हाईक, जागा पाहायले आलेलं. आज यांच्याजवळ तीच बसली होती, मंग यांले घरी कोणाजवळ ठेवलं तिनं? तिनं हात हलवला. आवाजात काही ऐकू येत नाही, मशीन बंद करायची खूण करून राहिली.
मी नाही म्हणून मान हलवली. उठते आता. बाहेर जाऊन काय बोलायचं ते अजून ठरलं नाही.