रत्नानिंग्रुमच्या नावावरची सहा खाचरे

अल्लाहचे नाव घेऊन. मी ओना, दिवंगत एमेद यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार पासिरहोंजे, जिल्हा गारुत, पश्चिम जावा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसावे. मला कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेले नाही. थोरल्या सुनेने गेल्या ईदला माझे पाय चेपून दिले, ते मी आमिषात धरत नाही.

दोन वर्षांपूर्वी हा कागद लिहायला बसले असते तर लिहिण्यासारखे काही नव्हते. सरकारी दप्तराप्रमाणे मी ज्या जमिनीवर राहते तिची मालकीण लहानपणीच वारली होती. आता जमिनीचा दाखला माझ्या नावाने आला आहे आणि लोखंडी पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. तो आल्यापासून छातीवरचा धोंडा उतरला, म्हणून हे लिहायचा धीर झाला.

१. जमीन माझी कशी, ते. घर, माशांचे तळे आणि उतारावरची भाताची सहा खाचरे असा हा एकच तुकडा आहे. मी जन्मले तेव्हा माझ्या आजीने तो माझ्या नावावर केला. तेव्हा माझे नाव रत्नानिंग्रुम होते. राजघराण्यात शोभेल असे हे नाव शेतकऱ्याच्या पोरीला काही पेलले नाही. सहा वर्षांची होईपर्यंत माझा ताप हटेना, अंगावरची सूज उतरेना. शेवटी वडीलधाऱ्यांनी सांगितले, नाव जड झाले आहे, बदला. वडिलांनी तांबडी आणि पांढरी खीर शिजवून शेजाऱ्यांना वाढली आणि मी ओना झाले. जुने नाव पुन्हा कोणी उच्चारायचे नाही, नाहीतर आजाराला पत्ता सापडतो. मी खडखडीत बरी झाले.

दोन वर्षांनी गावाचे जमिनीचे पुस्तक नव्याने लिहायला घेतले. लेखनिकाने विचारले, ही रत्नानिंग्रुम कोण. मी वडिलांचे बोट धरून तिथेच उभी होते. वडील ठणकावून म्हणाले, "ती पोर वारली." हे लेखनिकाला नव्हते, आजाराला ऐकू जावे म्हणून होते. पण लेखनिकाने लिहिले, मयत. पोर जगली, त्यापुढे वडिलांना कागदाची काय मातब्बरी. त्यांच्यावर माझा राग नाही आणि मुलांनीही धरू नये, म्हणून हे कलमात घातले आहे.

२. माझा चुलतभाऊ जुहारीदादा, वय सत्त्याहत्तर, याच्याबद्दल. मालकीण वारली म्हणजे जमीन परत आजीची झाली, म्हणजे अर्धी माझ्या बापाची, असे त्याने चाळीस वर्षे लग्नात, मयतीत आणि बाजारात सगळ्यांना ऐकवले. अधूनमधून माझ्या तळ्यातला मासा काढून न्यायचा आणि वर सांगायचा की आपल्याच अर्ध्यातला घेतला. त्याने मागितलेली हद्द माझ्या चुलीवरून जात होती. पुढे त्याच्या जावयाने पाहुण्यांसाठी बंगले बांधणारा एक दलाल आणला. मी भाजी चिरत बसले होते आणि त्या दोघांनी माझ्यादेखत घराची मापे घेतली.

मला माझी काळजी नव्हती, इमासची होती. इमास ही माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीची मुलगी. तीन वर्षांची असल्यापासून मी तिला वाढवले. माझे दोन्ही मुलगे बेकासीला कारखान्यात गेले, ही राहिली. खाचरे तीच लावते, मला दवाखान्यात तीच नेते. पण कायद्याने ती वारस नाही. अर्धी जमीन दादाकडे गेली असती तर उरलेली मुलांनी विकली असती, आणि इमास चाळिशीत रस्त्यावर आली असती.

३. सरकारी मोजणी आली तेव्हाची हकिगत मुलांना धड माहीत नाही, म्हणून लिहिते. गावाच्या कचेरीत सुनावणी होती. अधिकारी बाई तरुण होती, आवाजाने गोड. ती म्हणाली, पुस्तकातली मयत मुलगी आणि तुम्ही, आजी, एकच, हे सांगणारे कोणी हयात आहे का. ती खीर खाल्लेली माणसे केव्हाच मातीआड गेली होती. एकच उरला होता, आणि तो काळी टोपी मांडीवर ठेवून समोरच्या बाकावर बसला होता. त्याला कोण विचारणार?

म्हणजे मलाच बोलणे भाग होते. त्रेसष्ट वर्षांत ते नाव मी मनातसुद्धा घेतले नव्हते. हसायचे त्यांनी हसावे. मी इमासचा हात धरला आणि म्हणाले, "मीच रत्नानिंग्रुम." मग ताप चढला का, म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

बाई म्हणाली, "आजी, नोंदीसाठी सगळ्यांसमोर परत एकदा सांगा."

मी तोंड उघडले, तोच जुहारीदादा उठला.

"नको. तिला परत म्हणायला लावू नका."

"तुम्ही कोण?"

"मी हिच्या जमिनीवर दावा लावणारा. ती खीर मी खाल्लीय, चांगल्या दोन वाट्या. दुसऱ्या दिवशी हिला जुन्या नावानं हाक मारली म्हणून बापानं मला ओसरीपासून ओढ्यापर्यंत बडवत नेलं होतं. हीच ती. लिहा आणि मोकळं करा तिला."

जावई त्याची बाही ओढत होता. दादाने हात झटकला आणि तो खाली बसला.

बाहेर आल्यावर मी विचारले, मग चाळीस वर्षे माझा जीव का खाल्लास. तो म्हणाला, "ते नाव तू तोंडातून काढशील असं कधी वाटलंच नाही. तू गप्प, म्हणून माझंही चाललं. पण आज तुला काही झालं असतं, तर त्या अर्ध्या खाचरांत मी काय पेरलं असतं?" मग टोपी डोक्यावर चढवत म्हणाला, "आणि तुझे मासे चवीला चांगले होते."

मी त्याला तिथेच माफ केले. माशांचे सोडून.

४. आता वाटणी. घर, तळे आणि तळ्याला लागून असलेले वरचे खाचर इमासला. वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत देता येते. हे त्यात बसते, असे आमच्या धर्मगुरूंनी हिशेब करून सांगितले आहे. खालची पाच खाचरे माझे मुलगे रोहिदिन आणि उस यांना सारखी. दोघांनी वेगळ्या कागदावर संमतीची सही केली आहे. ही पाच खाचरे इमासनेच अर्ध्या वाट्याने करावीत. उस याने फोनवर विचारले, आई, बंगलेवाले सध्या काय भाव देतात. बाळा, चांगला देतात, म्हणूनच सांगते, विकू नकोस. विकायचीच वेळ आली तर आधी इमासला विचार.

५. लोंब्या कापायचा मुठीत मावणारा माझा विळा थोरल्या सुनेला. तिला तो चालवता येत नाही, पण भातकापणी कशी करावी हे ती मला दर वर्षी सांगते.

६. भात वाफवायचे तांब्याचे उभे भांडे. जुहारीदादा म्हणत आला की ते त्याच्या आईचे आहे. आहे. मला ते पहिल्यापासून माहीत आहे. काकूने माझ्या लग्नात ते वापरायला दिले होते. परत करायचे आधी राहून गेले, मग दावा लागला म्हणून मुद्दाम दिले नाही. दादा या कागदाचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे दुसरे साक्षीदार विहार्जा मास्तर म्हणतात, म्हणून ते मी आजच त्याच्या घरी पाठवत आहे. बुडाला दोनदा डाख लावला आहे, त्याबद्दल त्याने तोंड वाकडे करू नये. शिवाय दर ईदला त्याने तळ्यातला एक मासा घ्यावा, मात्र दिवसाउजेडी, दारातून येऊन, इमासला सांगून. मासा मिळकतीत धरत नाहीत, हे मी मास्तरांना विचारून घेतले आहे.

७. दफनाबद्दल. मला एमेदच्या शेजारी, केळीच्या बाजूला ठेवावे. माती टाकून झाल्यावर मयताला नावाने हाक मारून शेवटची शिकवण वाचतात, तिथे धर्मगुरूंनी ओना म्हणावे. त्यानंतर जुहारीदादाने मला एकदा जुन्या नावाने हाक मारावी. आजीने ते फार हौसेने ठेवले होते आणि ते सगळ्यांनी मिळून पुरून टाकले. मी मातीत गेल्यावर आजाराला पत्ता सापडला तरी त्याच्या हाती काही लागणार नाही. बारा वर्षांचा असताना ज्या हाकेसाठी त्याने मार खाल्ला, ती हाक त्याने मोकळ्या गळ्याने मारावी, अशी माझी इच्छा आहे.

याहून माझे कोणाकडे काही मागणे नाही. वरील सर्व मी राजीखुशीने लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

पासिरहोंजे, ता. १९ ऑगस्ट २०२४

सही: ओना

साक्षीदार १: विहार्जा, निवृत्त शिक्षक. माझ्यासमोर सही झाली. लिहिणारीचे डोके खरोखरच ठिकाणावर आहे.

साक्षीदार २: जुहारी. ऐकले, समजले. भांडे पोचले. शेवटच्या कलमाचे मात्र मला जमणार नाही. मी आधी जाईन असे बघतो.