तू शिडीवर उभी होतीस

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी इथे बरी आहे (बीपी सोडून, आणि ते आज तुझ्यामुळे चढलंय). तुझे गुडघे कसे आहेत? प्रश्न लक्षात ठेव, पुढे त्याच्यावरच यायचंय.

आमच्या वृद्धाश्रमात नवीन खूळ आलंय. डोळ्यांवर डबा बांधायचा (हे लोक त्याला चष्मा म्हणतात!), की बसल्या जागी जगात कुठेही हिंडता येतं. व्यायाम घेणारी मुलगी म्हणते, मन रमतं. रमतं कसलं! हेडमास्तरांना समुद्र दाखवला, तर त्यांनी भर हॉलमध्ये पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली सोडेनात, भिजेल म्हणून. दुसरा डबा मला. मुलगी विचारते, आजी, कुठं जायचं, बर्फात की वाळवंटात? मी म्हटलं, मला आपली बहिणीच्या गल्लीत सोड.

आणि काय सांगू बाई! तीच गल्ली, तोच वाकडा दिव्याचा खांब, तुझं हिरवं फाटक. मी सवयीनं चपला काढल्या, बेल दाबली. (बेल म्हणजे शेजारच्या निवृत्त न्यायाधीशांचं नाक निघालं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, तेवढीच शांतता.) मग वर बघते तर माझी बोबडीच वळली. तू! शिडीच्या टोकावर, छपराची पन्हळ साफ करतेयस! चेहरा ती चित्रं काढणाऱ्या लोकांनी पुसट केलाय, पण एक हात कमरेवर ठेवून शिडीवर उभी राहणारी बाई दुसरी कोण असणार?

आणि फोनवर मी काय ऐकत आलेय? ताई, गुडघे गेले गं, फाटकापर्यंतही जाववत नाही, तुला भेटायला कशी येऊ! मी मेली इथे तुझ्यासाठी तेल मागवून ठेवतेय, आणि बाईसाहेब छपराला हात लावतायत! आधी खाली उतर, पडशील, असं मी इतक्या जोरात ओरडले की हेडमास्तर घाबरून समुद्रातून बाहेर आले. फार राग आलाय मला. रडूही आलं, पण डब्याच्या आत कुणाला दिसलं नाही.

तुझी (नाइलाजानं) ताई

ता. क. मुलगी आत्ताच सांगून गेली, ती चित्रं म्हणजे गल्लीतून गाडी फिरवून काढलेले फोटो, आणि तेही बऱ्याच वर्षांपूर्वीचे. म्हणजे तेव्हा तुझे गुडघे धड होते. वरचं सगळं खोडून टाक. (न्यायाधीशांचं राहू दे, ते छान जमलंय.)

आणखी एक ता. क. पत्र टाकायचं राहूनच गेलं. हल्ली मी रोज डबा लावून तुझ्या गल्लीत येते. कितीही हाका मारल्या तरी तू वळून बघत नाहीस, शिडीवरच असतेस. मला आता तिथे नुसतं उभं राहवत नाही गं. तेल पाठवणार नाही. गाडी करून ये, मी चोळून देते.