समजा, ‘क’ने बादलीचं चित्र काढलं

२ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही, म्हणून इथे खरं लिहायला हरकत नाही. (इतरत्र खोटं लिहितो असं नव्हे.)
संकल्प : पुस्तक ३० एप्रिलला संपवणार. तीन भाग. भाषा, नीती, कला. एकच माणूस तिन्हीकडे हात घालतोय, हे आमच्या तत्त्वज्ञान विभागात कुणाला बघवत नाही. नको बघवू दे.
प्रगती : भाग पहिला, चाळीस पानं. भाग दुसरा, शीर्षक. भाग तिसरा डोक्यात पूर्ण तयार आहे, फक्त कागदावर उतरवायचाय.

५ मार्च
पहिल्या भागातलं एक प्रकरण त्रैमासिकात येतंय. ‘स्तुती हे विधान असते काय?’ प्रुफं आली. नेहमीप्रमाणे बायकोकडे दिली. लग्न झाल्यापासून माझी सगळी प्रुफं हीच तपासते. तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्यात, नजरेतून वेलांटी सुटत नाही.
युक्तिवाद खणखणीत आहे. समजा, ‘क’ नावाची शिक्षिका निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं चित्रं काढते आहे. समजा, ‘क’ने बादलीचं चित्र काढलं. समजा, तिचा नवरा ‘ख’ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, छान आहे. ‘ख’ खोटं बोलला का? मुळीच नाही. ‘ख’ मुळात काही बोललाच नाही. घरात शांतता राहावी म्हणून त्याने केलेला तो एक आवाज आहे, मांजराला चुचकारतो तसा. विधानच नाही, तर खोटं कुठून येणार?
उदाहरण अर्थातच काल्पनिक.

६ मार्च
प्रुफं परत. हिने दोन वेलांट्या आणि एक स्वल्पविराम दुरुस्त केलाय. शिवाय समासात लाल पेनने एक ओळ : ‘क’ पाच नव्हे, सहा वर्षं चित्रं काढते आहे.
काय अचूक बाई आहे! दुरुस्ती स्वीकारली.

९ मार्च
ही तीन दिवस गप्प. घर शांत. कामाला उत्तम. दोन पानं झाली.

१० मार्च
शांतता जरा जास्तच आहे. सहज मागच्या खोलीत डोकावलो, तर खोली रिकामी. चित्रं, स्टँड, रंगाच्या ट्यूबा, सगळं गायब. विचारलं, तर म्हणाली, सामान बहिणीच्या गॅरेजमध्ये हलवलंय, तिथे उजेड चांगला आहे.
त्या गॅरेजला खिडकी नाही. हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं. ती म्हणाली, बरं.

११ मार्च
मुलीचा फोन. ती वकील आहे, दुसऱ्या शहरात असते. म्हणाली, बाबा, आईला सॉरी म्हणा आणि मोकळे व्हा. म्हटलं, माफी मागायला आधी चूक लागते, माझी चूक दाखव. म्हणाली, दाखवायची कशाला, छापायला दिलीच आहे की तुम्ही. सहा वर्षं आई दर चित्र आधी तुम्हाला आणून दाखवायची, आणि तुम्ही लिहून दिलंत की तो नुसता आवाज होता.
माफी मागणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. आज मी नमलो, तर उद्या जगातला कुठलाही तत्त्वज्ञ उदाहरण द्यायला धजणार नाही. मुलगी म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आईवर गेलीय.

१४ मार्च
तोडगा सापडला! छान तीन प्रकारचं असतं. छान-१ : सवयीचं. छान-२ : लक्ष होतं, पण अर्धं. छान-३ : मनापासून. जेवणाच्या टेबलावर हिला तक्ता काढून समजावलं. मोठ्या मनाने हेही कबूल केलं, की गेल्या वर्षी जिन्याच्या चित्राला मी दिलेलं छान बहुधा छान-२ होतं.
तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, पहिल्या भेटीत तुम्ही माझं हसणं छान आहे म्हणाला होतात, ते कितवं?
खरं तेच सांगितलं. तेव्हा वर्गीकरण तयार नव्हतं.
संध्याकाळचा चहा स्वतःच केला. बरा झाला होता.

१७ मार्च
नवा संकल्प. माझ्या शब्दावरचा हिचा विश्वास उडाला असेल, तर उपाय सरळ आहे. आजपासून सगळीकडे, सगळ्यांना, फक्त खरं बोलायचं. हिच्या कानावर जाईलच.
सकाळी ९.२० : शेजारच्या केबिनमधल्या इतिहासवाल्याने नवा कोट कसा दिसतो म्हणून विचारलं. सांगितलं.
संध्याकाळी ५.४० : बसने घरी. रोज त्याच्या गाडीतून येतो, पण आज म्हणे गाडीचं माझ्या बाजूचं दार उघडत नव्हतं.

२१ मार्च
विभागप्रमुखबाईंनी त्यांचं भाषण कसं झालं ते विचारलं. सांगितलं. एप्रिलपासून माझे सगळे तास सकाळी सातला. सत्यासाठी झळ सोसतोय, त्याचा अभिमान आहे.
हिला हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, जगाला कशाला छळताय? मी घरात मागत होते. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण बस सुटत होती.

२ एप्रिल
त्रैमासिक छापून आलं. एक प्रत हिने गॅरेजमध्ये नेली. मेहुणी फोनवर म्हणाली, स्टँडचा एक पाय आखूड आहे, त्याखाली अगदी बरोब्बर बसलं. मेहुणीला लेखाचा मूळ मुद्दा कळलेला नाही.
पुस्तक : बेचाळीस पानं. वेग मंद, पण पाया भक्कम.

९ एप्रिल
इतिहासवाल्याच्या टेबलावर छापील कार्ड दिसलं. हिच्या चित्रांचं प्रदर्शन, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, बारा ते सोळा एप्रिल. त्याला निमंत्रण. मला नाही. तो म्हणाला, अरे, तुला कशाला लागतं, तू तर घरचाच. कोटाचं अजून विसरलेला नाही.
जाणार नाही. बोलावल्याशिवाय तर नाहीच नाही.

१३ एप्रिल
गेलो नाही.

१४ एप्रिल
वाचनालयात एक संदर्भ बघायचा होता. तळमजल्यावर. जिन्यापर्यंत गेलो, वर नाही.

१५ एप्रिल, दुपारी ४
वर गेलो.
सतरा चित्रं. तिऱ्हाइतासारखा डावीकडून सुरुवात करून बघत निघालो. अकराव्यापाशी थांबलो. बादली. आमच्याच बाथरूममधली निळी, कडी निखळलेली. कपडे भिजत घातलेत. माझ्या शर्टाची एक बाही बाहेर राहिलीय, काठावरून लोंबतेय, आणि बाहीच्या टोकाला पाण्याचा थेंब आहे, अजून न पडलेला. ही बाही रोज कुणीतरी आत लोटत असणार. मी कधी लोटलेली नाही.
वीस मिनिटं तिथेच उभा होतो. मला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी फार बरं वाटलं. हे चित्र एकदा माझ्यासमोर धरलेलं होतं आणि मी पेपर वाचत होतो. त्या दिवशी पेपरात काय होतं, आठवत नाही.
हिच्याजवळ गेलो. म्हटलं, बादली फार सुंदर आहे. ती म्हणाली, थँक्यू हं. आणि कुणा आजोबांना रंगांबद्दल सांगायला वळली. बाकीच्यांना जसं म्हणत होती, अगदी तसंच.
तिचं चुकलेलं नाही. माझा लेख तिने बारकाईने वाचलाय. बसल्या बसल्या त्याचं खंडन करून पाहिलं. जमलं नाही. लेख खरंच चांगला आहे.
मग अभिप्रायवहीत लिहायला घेतलं. ‘सुंदर’ लिहून खोडलं. ‘खरोखर सुंदर’ लिहून खोडलं. ‘खरोखर’ म्हणजे काय, यावर तळटीप सुरू केली. मागे रांग लागली. आजोबा म्हणाले, अहो, पेन सोडा की जरा.

१६ एप्रिल, सकाळी ११.३०
बोलाचीच कढी पुरे. चित्र सरळ विकत घ्यायचं ठरवलं. पोचलो, तर त्यावर विकल्याची लाल टिकली, काल मला न दिसलेली. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतलं.
त्यांना दवाखान्यात गाठलं. म्हटलं, दुसरं कुठलंही घ्या, हे मला सोडा. कलेवर मी पुस्तक लिहितोय. ते म्हणाले, मला कलेतलं ओ की ठो कळत नाही. पण पेशंट बाहेर जीव मुठीत धरून बसतात, त्यांना बघायला घरातलं काहीतरी हवं. आणि तो थेंब आता पडेल, मग पडेल, असं बघत मी उभा राहिलो, तेवढ्यात माझी गाडी उचलून नेली.
माझ्या तिसऱ्या भागात असलं एक वाक्य नाही. (तिसऱ्या भागात कुठलंच वाक्य नाही.) तरी अर्धा तास वाद घातला. चित्र दिलं नाही.

२० एप्रिल
हिला सॉरी म्हणालो. अट नाही, तळटीप नाही. ती म्हणाली, असू दे. आणि पुढची प्रुफं कधी येणार ते विचारलं. सामान अजून गॅरेजमध्येच आहे.
लेख मात्र मागे घेणार नाही. तो वेगळा प्रश्न आहे.

३० एप्रिल, संध्याकाळी ७
पुस्तक संपवायचा दिवस. पानं बेचाळीस.
दुपारी दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. दात उत्तम आहेत. बाकड्यासमोरच बादली लावलीय. माझा नंबर आला, तेव्हा मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं. मग त्यांच्या मागच्या काकांना. असे पाच सोडले. रिसेप्शनवाली म्हणाली, काका, एवढं घाबरू नका, कळणारसुद्धा नाही.
घरी आलो. इतका वेळ कुठे होतात, हिने विचारलं. सांगितलं, दातांच्या डॉक्टरांकडे. तुझं चित्र बघत बसलो होतो. दोन तास.
ती अगदी मायेने म्हणाली, पुरे आता, माझ्यासाठी असलं काही रचून सांगू नका. कुठली दाढ दुखतेय ते दाखवा.
कोमट पाण्यात मीठ घालून पेला घेऊनच आली. मी आ केला आणि डावीकडची शेवटची दाढ दाखवली.