दोन वीत खाली

प्रिय जयवंता,

अक्षर ओळखशील की नाही कोण जाणे. सातवीपर्यंतची शाळा आणि आता थरथरणारा हात, त्यामुळे प्रत्येक ओळ लिहून झाली की ती वाचता येते का ते पाहत बसतो. तू चाळ सोडून विरारला गेलास त्याला सात वर्षं झाली. तुझा पत्ता खालच्या वाण्याकडे मिळाला. तो जुना तर नसेल ना, याची कालपासून धास्ती लागलीय. मला दम लागतो, एका डोळ्याने धुरकट दिसतं. ते असो.

बातमी अशी की आपली चाळ पाडणार. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीही झाली. नवीन इमारतीचा नकाशा जिन्याखाली चिकटवलाय. त्यात विहिरीच्या जागी गाड्या ठेवायची सोय आहे. मी चष्मा लावून दोनदा शोधलं, विहीर कुठेच नाही. पुढच्या महिन्यात भरणी टाकून ती बुजवतील. म्हणजे तू आणि मी चड्ड्या सांभाळत जिच्या कठड्यावरून उड्या मारल्या, ती. बुडी मारण्याआधी दगडाचे थर मोजायचे, असा तुझा हट्ट असायचा. नवव्या थरावर लाल रेघ. पाणी त्या रेघेखाली गेलं की आपले वडील रहाटाला कुलूप घालायचे आणि पाऊस येईपर्यंत घरटी एकच कळशी. तुझ्या आईने एकदा चोरून दुसरी काढली, तर तुझ्याच वडिलांनी ती चौकात ओतायला लावली होती. आठवतं? म्हातारी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

माझी नात आकांक्षा, वैभवची मुलगी, आता अर्थशास्त्र शिकते. पाणी, हवा, समुद्र यांचा हिशेब कसा मांडायचा, असला काहीतरी विषय आहे. मी म्हटलं, हवेचं कसलं अर्थशास्त्र गं, कोण विकतंय हवा? तर म्हणाली, "तेच ना आजोबा! विकत घ्यावी लागत नाही म्हणून तर सगळे तिच्यात घाण सोडतात." मग तिने आपल्या विहिरीवरच प्रकल्प घेतला. सगळ्यांच्या मालकीचं पाणी लोक ओरबाडून संपवतात असं तिच्या पुस्तकात आहे म्हणे, आणि आपल्या चाळीने ऐंशी वर्षं ते एका रेघेवर राखलं, याचं तिला फार अप्रूप. मला समोर बसवून तिने सगळं लिहून घेतलं. वैशाखात विहीर उपसून साफ करायची, कड्यांवर पाय ठेवत आमच्या घरातल्याने खाली उतरायचं आणि रेघ नव्याने रंगवायची. आधी वडील, मग मी. ती लिहीत होती आणि मी तिच्या वहीकडे बघायचं टाळत होतो.

तिने टँकरचंही विचारलं. सांगावं लागलं. दहा वर्षांपूर्वी टँकरवाला विहिरीचं पाणी विकत घ्यायला आला, तेव्हा तू सेक्रेटरी होतास. सगळे खूश होते, फुकटच्या पाण्याला भाव आला म्हणून. एकटा तू अडून बसलास. रेघेला पाणी लागलं की मोटर बंद, त्याखाली एक थेंब नाही, ही अट करारात घातल्याशिवाय तू सही केली नाहीस. टँकरवाला हसत म्हणाला होता, "काय साहेब, विहीर आहे की देव?" आणि तू म्हणालास, "देवाला माणूस फसवतो रे, विहिरीला फसवता येत नाही."

त्या पैशातून घराघरात संडास बांधायचे ठरले. तुला आमच्या हिचे, कमलचे गुडघे माहीत होते. गॅलरीच्या टोकापर्यंत भिंत धरून जायची. पुढे पुढे तिने दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं, जायला लागू नये म्हणून. उन्हाळ्यात ओठ फुटायचे तिचे. मी बादली ठेवू म्हटलं तर रडली, म्हणाली, "माका लाज वाटता हो." बांधकाम दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं, आमचा तिसरा. आणि मार्चमध्येच पाणी रेघेला टेकलं. तू मोटर बंद केलीस. पैसा थांबला, गवंडी गेले.

त्या वैशाखात मी अडुसष्ट वर्षांचा होतो. रंगाचा डबा घेऊन नेहमीसारखा उतरलो. चाळीस वर्षं छापखान्यात बायंडिंग केलं मी, जयवंता. कागदाची थप्पी डोळ्याने सरळ कापायचो, सुताचा फरक पडत नसे. त्यामुळे हात चुकला असं मला देवासमोरही म्हणता येणार नाही. जुनी रेघ तारेच्या ब्रशने घासून काढली, वर सिमेंट फासलं, आणि नवी रेघ दोन वीत खाली मारली. अकराव्या थरावर. वर आल्यावर भेग बुजवली म्हणून सांगितलं. दोन वीत म्हणजे काय मोठंसं, एवढा समुद्र जवळ, पाणी काय संपणार आहे, असं मनाशी घोकत होतो.

दुसऱ्या दिवशी तू कठड्यावरून वाकून पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "दत्तू, रंग चांगला बसलाय रे." आणि मोटर सुरू करायला सांगितलीस.

दोन उन्हाळे टँकर भरले. आमचा संडास झाला. त्यानंतर तुझ्याच घरात ललितावहिनींची डाळ शिजेना. शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी दाणा तसाच. गॅलरीत येऊन ओरडल्या, "वाण्याने दगड विकले की काय!" वाणी बिचारा गोणी उघडून दाखवत बसला. मग प्रत्येकीची डाळ तशीच राहू लागली, तुळशी करपल्या, आणि कुणीतरी विहिरीचं पाणी जिभेला लावलं. खारट. आपण गोडं पाणी उपसलं, त्या जागी समुद्र आत आला होता. तो परत जात नाही, असं आकांक्षा म्हणते. टँकरच्या भावात हे कुणीच धरलं नव्हतं, असंही म्हणते. खरंय. शंभर घरांची डाळ कुणी धरली होती?

सभेत लोक तुझ्यावर तुटून पडले. सेक्रेटरीने रेघेकडे काणाडोळा केला, टँकरवाल्याने खिसा गरम केला. जी पोरं तुझ्या खांद्यावर बसून गणपती बघायची, त्यांनी तुला चोर म्हटलं.  तू फक्त एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी चपलेचा अंगठा चाचपत बसलो. दोन महिन्यांत तू खोली सोडलीस. ललितावहिनी तिकडे वारल्या हे कळलं, तेव्हा मी चर्नी रोडच्या तिकीट खिडकीपर्यंत आलो होतो. तिथूनच परत फिरलो.

एक विचारायचं राहून गेलंय. थर मोजल्याशिवाय तू कधी उडी मारली नाहीस. मग त्या दिवशी तू थर मोजले नसशील, हे मी कसं मानू? तू कमलसाठी गप्प राहिलास का? तिला तो संडास अकरा महिने मिळाला. शेवटच्या उन्हाळ्यात ती पोटभर पाणी प्यायची. तांब्या तोंडाला लावला की मला तुझा चेहरा दिसायचा. तिला मी काही सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही नाही.

आता लिहायचं कारण. आकांक्षाचा प्रकल्प लिहून झालाय. तिने मला वाचून दाखवला. त्यात रेघ राखणारा दत्ताराम, म्हणजे मी, आणि नियम मोडणारा तो तेव्हाचा सेक्रेटरी. रविवारी चाळीच्या शेवटच्या सभेत ती हे सगळ्यांसमोर वाचणार आहे. पण पोरगी सरळ आहे. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय नाव छापणार नाही म्हणते, म्हणून शनिवारी तुझ्याकडे येतेय, "तुम्ही असं का केलंत?" हे विचारायला. तिला तोंडाने सांगायचं मी चारदा ठरवलं. ती "आजोबा" म्हणून वर बघते आणि मी भलतंच काहीतरी विचारतो. म्हणून हे पत्र तिच्याच हाती पाठवतोय. गाडीत दीड तास जाईल, वाचायला भरपूर झाला. दारात आली की तिला आधी पाणी दे, भूक लागली तरी सांगत नाही ती. चेहरा उतरलेला दिसला तर समजून घे, आणि तिच्याशी रागाने बोलू नकोस. पाकीट मी चिकटवलेलं नाही. बायंडरच्या घरात खळ संपत नसते, हे तुला माहीत आहे.

तू ठेवशील तर तुझाच,
दत्तू